‘झोपा थोडं’ म्हणण्याआधी: कॅन्सरमधल्या थकव्यात घरच्यांनी आधार कसा द्यायचा

सासूबाईंची तिसरी किमो होऊन चार दिवस झाले होते. सकाळी ब्लाउजची बटणं लावता लावता त्यांनी मध्येच हात सोडले आणि भिंतीला टेकून बसल्या. मी नेहमीचंच बोलले, "आई, झोपा थोडं." त्या म्हणाल्या, "आत्ता तर उठले गं. झोपून जाणारा शीण असता, तर एव्हाना गेला नसता का?"

त्यांचं म्हणणं नीट कळायला मला पुढचे दोन महिने लागले. तोवर मी जे करत होते ते सगळं मायेपोटी होतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं. त्यांना ओट्याजवळ फिरकू द्यायचं नाही, दिवसभर पडून राहायला लावायचं आणि संध्याकाळी पुन्हा "उठा, धीर धरा, हसा जरा" म्हणून मागे लागायचं. ज्या घरात फाईल नुकतीच उघडली आहे आणि ‘आता हिला नेमकं करू काय द्यायचं’ हा प्रश्न पडला आहे, त्या घरासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. स्तनाच्या कॅन्सरचा उपचार एका घरात जवळून पाहिला, नंतर अशा घरांशी बोलत राहिले, आणि वाचलं.

हा थकवा वेगळा आहे, हे आधी मान्य करा

दिवसभर भांगलण केल्यावर येणारा थकवा कामाच्या मापाचा असतो. जेवून रात्रभर झोपलं की उतरतो. कॅन्सरमधल्या थकव्याचं कामाशी मापच जुळत नाही. अंघोळ करून आल्यावर तासभर पडावं लागतं, आणि उठल्यावरही अंग जडच. डोकंही त्यातून सुटत नाही: पेपरातली तीच ओळ तीनदा वाचावी लागते, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते आठवत नाही. उपचार घेणाऱ्या बहुतेकांना हा कमीअधिक होतोच. आजार, औषधं, शरीरात चालू असलेला दाह, कमी झालेलं रक्त, मोडलेली झोप, न जाणारं जेवण आणि मनावरचं ओझं, असे अनेक ओढे त्यात येऊन मिळतात.

त्याचं वेळापत्रकही असतं. किमोनंतर साधारण पहिले काही दिवस सगळ्यात वाईट जातात, मग पुढच्या सायकलपर्यंत, म्हणजे पुढच्या किमोपर्यंत, थोडं वर येता येतं. किमोबरोबर स्टिरॉइड दिलेलं असेल तर पहिल्या एक-दोन रात्री झोपच लागत नाही, माणूस उगाच तरतरीत दिसतो, आणि ते बंद झालं की धपकन खाली येतो. ‘काल तर चांगली बोलत होती’ असं घरातले म्हणतात ते याच वेळी. रेडिएशनचं, म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात त्याचं, उलटं आहे. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही, मग थकवा रोज थोडा साचत जातो, शेवटी सगळ्यात जास्त असतो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो.

थकवा वाढला म्हणजे आजार वाढला, असा अर्थ लगेच काढू नका. बरेच रुग्ण थकवा लपवतात तो याच भीतीने, किंवा डॉक्टर किमो थांबवतील या भीतीने.

डॉक्टरांकडे आकडा घेऊन जा

ओपीडीत तीन-चार मिनिटं मिळतात. त्यात "खूप अशक्तपणा आहे हो" म्हटलं की "होतंच ते, खात जा" असं उत्तर मिळतं. दोष कोणाचाच नाही. शब्दच मोघम आहे. म्हणून शून्य ते दहा असं माप वापरा. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. एक ते तीन सौम्य, चार ते सहा मध्यम, सातपासून पुढे तीव्र. आकडा चार किंवा त्याच्या वर राहू लागला की तो डॉक्टरांच्या कानावर गेलाच पाहिजे. आणि आकड्यासोबत एक उदाहरण द्या: "मंगळवारपासून सात आहे. एक जिना चढताना दोनदा बसावं लागतं. दिवसाचे सहा-सात तास अंथरुणात जातात."

मग विचारा: हिमोग्लोबिन किती आहे? थायरॉइड तपासायचं का? साखर, सोडियम ठीक आहे का? वेदना पुरेशी आटोक्यात आहे का? चालू गोळ्यांपैकी झोप आणणारी कोणती? आधार, समुपदेशन, योग हे सगळं नंतर. कारण हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या बाईला ‘सकारात्मक विचार करा’ सांगणं हा क्रूरपणा आहे. कोणी ‘रक्त वाढवणारं’ चाटण किंवा काढा आणून दिला तर तोही आधी डॉक्टरांना दाखवा. काही वनस्पती किमोच्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात.

काही वेळा मात्र पुढच्या तारखेची वाट बघायचीच नाही. किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, रक्तस्राव, बोलण्यात गोंधळ, किंवा दिवसभर अंथरुणातून उठताच न येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना.

आठवडाभर वही

शाळेची दोनशे पानी वही पुरते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकेक आकडा लिहायचा, आणि शेजारी दोन शब्द: काय केलं, कोण आलं, झोप कशी. याहून जास्त लिहायला लावू नका, नाहीतर वहीचाच थकवा येतो. रुग्णाला लिहवत नसेल तर विचारून आपण लिहायचं, पण आकडा त्यांचाच. "मला तर पाचच वाटतो" असं म्हणायचं नाही.

आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात एक गोष्ट दिसली जी मला डोळ्यांनी कधीच दिसली नव्हती. दुपारी चारचा आकडा रोज वर जायचा, गुरुवार सोडून. गुरुवारी शेजारच्या काकू त्यांच्या बाजारामुळे यायच्या नाहीत. काकू प्रेमळ होत्या, पण दोन तास बसायच्या आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाची कहाणी सांगायच्या.

तीन बैठका, आणि त्या फक्त थकव्यावर

या लेखातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबते. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक आढावा काढला: उपचार चालू असताना रुग्णांना मानसिक-सामाजिक आधार देणारे २७ प्रयोग त्यांनी एकत्र तपासले. त्यातले पाच कार्यक्रम खास थकव्यासाठी बेतलेले होते. पाचपैकी चारांत थकवा कमी झाला. उरलेले बावीस सर्वसाधारण आधाराचे होते, म्हणजे ताण, चिंता, धीर वगैरे. त्यातल्या तिघांतच थकव्यावर परिणाम दिसला. उपयोगी पडलेले कार्यक्रम काही मोठे नव्हते. साधारण तीन बैठका, एकट्या रुग्णाशी, घेणारी बहुतेक ठिकाणी नर्स. थकवा म्हणजे काय ते समजावणं, स्वतःची काळजी कशी घ्यायची आणि कामं कशी आखायची ते शिकवणं, एवढंच.

मला हे वाचून हायसं वाटलं. आपण घरात सगळा जोर ‘धीर द्या’ यावर लावतो. "तू वाघीण आहेस", "तू यातून बाहेर पडणारच". ऐकणारा हसतो, आणि पुढच्या वेळी थकवा सांगत नाही, कारण वाघिणीने थकायचं कसं? धीर हवाच, पण त्याने थकव्याचा आकडा खाली येत नाही. थकव्याबद्दलच बोललं तर येऊ शकतो. फार नाही, थोडासाच. पण सातवरून पाचवर येणं म्हणजे स्वतःच्या हाताने बटणं लावता येणं.

दवाखान्यात समुपदेशक, मेडिकल सोशल वर्कर किंवा अनुभवी सिस्टर असतील तर त्यांना थेट म्हणा, "आम्हाला थकव्याबद्दल बोलायचं आहे, तीनदा वेळ द्याल का?" तशी सोय नसेल तर घरातल्या एकाने हे करायचं. एकानेच, सगळ्यांनी मिळून केलं तर त्याची पंचायत बसते.

पहिल्या बैठकीत फक्त ऐका. विचारायचे प्रश्न: दिवसात कधी सगळ्यात वाईट वाटतं? कशाने बरं वाटतं, थोडं का होईना? या थकव्याबद्दल तुम्हाला काय वाटतं, कशामुळे येतो? या शेवटच्या प्रश्नाला अनपेक्षित उत्तरं येतात. ‘मी आळशी झाले’, ‘औषध लागू पडत नाही’, ‘मागच्या जन्मीचं काहीतरी’. सासूबाई म्हणाल्या, "तुला सगळं करावं लागतं याचाच मला शीण येतो." मला वाटत होतं मी त्यांचं ओझं हलकं करते आहे.

दुसरी बैठक आठवड्याने, वही घेऊन. वर जाणारे आणि खाली येणारे आकडे शोधायचे आणि पुढच्या आठवड्यासाठी फक्त दोन बदल ठरवायचे. तिसरी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी: काय जमलं, काय नाही, आणि न जमलेलं का नाही. इथे ‘सांगितलं तर ऐकत नाही’ हा सूर आला की सगळं मुसळ केरात.

एक दिवसाआड पाणी

ज्यांच्या घरी एक दिवसाआड नळाला पाणी येतं त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी आलं म्हणून कोणी त्याच दिवशी गोधड्या धुवायला काढत नाही. आधी पिण्याचं भरायचं, मग स्वयंपाकाचं, मग अंघोळीचं. उरलं तर अंगण. आणि पाणी जपून वापरणाऱ्या बाईला आळशी म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही.

थकव्यातली शक्ती तशीच भरायची आणि तशीच वापरायची. चूक होते ती ‘चांगल्या’ दिवशी. किमोच्या नवव्या-दहाव्या दिवशी जरा बरं वाटतं आणि माणूस कपाट आवरायला घेतो, बँकेत जाऊन येतो, लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसतो. मग दोन दिवस आडवा. मग ‘काही करायलाच नको’ म्हणून अजून चार दिवस आडवा. पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात, आणि पुढच्या वेळी तेवढंच काम जास्त दमवतं.

म्हणून रोज थोडं, चांगल्या दिवशीही थोडंच. कामांचे तीन ढीग करा: मलाच करायचं आहे, दुसऱ्याने केलं तरी चालेल, कोणी नाही केलं तरी चालेल. तिसऱ्या ढिगात आपल्याला वाटतं त्याहून खूप कामं बसतात. तांब्या-पितळेची भांडी घासणं, चादरींना इस्त्री, सोमवारी सगळी जाळी-जळमटं. पहिल्या ढिगात काय ठेवायचं ते मात्र रुग्णानेच ठरवायचं, आणि ते आपल्याला बिनमहत्त्वाचं वाटलं तरी राहू द्यायचं. सासूबाईंनी पहिल्या ढिगात देवपूजा ठेवली आणि भाकरी. अंघोळीनंतरचा चहाही स्वतः करणं सोडून दिलं, पण भाकरी हवी. मला वाटलं नेमकं उलटं असायला हवं. माझ्या वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

भाकरी आम्ही अशी बसवली: ओट्यासमोर उंच स्टूल, पीठ आदल्या दिवशी चाळून डब्यात, परात आणि तवा मी मांडून ठेवायचा, त्यांनी दोन भाकऱ्या थापायच्या आणि उठायचं. बाकीच्या मी. दोन झाल्या की तिसरी घ्यायची नाही, कितीही जमतंय असं वाटलं तरी.

बाकीच्या सोयी पटापट सांगते. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, पाणी कोमट, कारण कढत पाण्याने आणखी गळून जायला होतं. अंग पुसायला वाकण्यापेक्षा टॉवेलचा गाऊन. घरात साडीऐवजी पुढून उघडणारा गाऊन. पाण्याची बाटली, गोळ्या, मोबाईल, चष्मा एका टोपलीत, हाताशी. अंघोळ आणि बाहेर जाणं एका दिवशी लागोपाठ नको. किमोच्या दिवशी सकाळी केस धुणं, पूजा, डबा, सगळं उरकून निघण्याची सवय मोडा.

पुरुष रुग्णांचं वेगळं असतं. ज्याने तीस वर्षं एसटी चालवली किंवा ऊस तोडला, त्याला ‘तुम्ही बसा’ म्हटलं की तो आतून मोडतो. घरात बसून खातो आहोत ही लाज थकव्याहून जड असते. त्याला काम द्या, खरं काम, खोटं नको: दूधवाल्याचा हिशेब, नातवाचे पाढे, विजेचं बिल भरणं, शेतातल्या गड्याशी फोनवर बोलणं.

चालणं: नको वाटतं तेव्हाच थोडं

थकलेल्या माणसाला चालायला सांगणं उफराटं वाटतं, मलाही वाटलं. पण २०१७ मध्ये ११३ प्रयोगांचा, साडेअकरा हजार रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थकव्यावर व्यायाम आणि मानसिक उपाय दोन्ही उपयोगी ठरले, आणि थकव्यासाठी दिलेली औषधं दोहोंच्या मागे पडली. तज्ज्ञांचं माप आहे आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, असं दोन-तीन महिने. ते शेवटचं माप. सुरुवात पाच मिनिटांनी करा: घरातल्या घरात, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकाला. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर जास्त झालं. दुसऱ्या दिवशीचा आकडा दोनने वाढला तर मिनिटं कमी करायची, बंद करायची नाहीत.

हाडांत पसरलेला आजार, फार कमी प्लेटलेट, फार कमी हिमोग्लोबिन, ताप: यात आधी डॉक्टरांना विचारायचं. योगही चालतो, शिकवणाऱ्याला आजार माहीत असेल तर. व्हिडिओ बघून कपालभाती नको.

सोबत कोण चालणार हा मात्र खरा प्रश्न आहे. ‘रोज चालत जा’ सांगणारे पन्नास असतात. सहा वाजता चप्पल घालून दारात उभी राहणारी एक शेजारीण त्या पन्नासांपेक्षा उपयोगाची.

झोप

रोज उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांची आणि तीनच्या आत; गजर लावा. अंथरूण झोपेसाठी, जेवण आणि टीव्ही खुर्चीत. स्टिरॉइडची गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. एवढ्या एका बदलाने काहींच्या रात्री सुधारतात. रात्री दोन वाजता डोळा उघडला आणि डोक्यात चक्र सुरू झालं तर कूस बदलत पडण्यापेक्षा उठून बसावं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करावं, आणि झोप आली की परत आडवं व्हावं.

भेटायला येणारे

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे, आणि ते शहाळं घेऊन, चहा पिऊन, तासभर बसून पार पाडायचं असतं. आजारी बाई तशाही अवस्थेत उठून "चहा टाक गं" म्हणते. त्यात परदेशातल्या भाच्याचा रात्री दहाला व्हिडिओ कॉल, कारण तिथे तेव्हा सकाळ.

दारावर पाटी लावणं आपल्याला जमत नाही, मला तरी नाही जमलं. जमलं ते हे: घरातल्या एकाने द्वारपाल व्हायचं. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तब्येतीचा निरोप टाकायचा, म्हणजे वीस जणांना तेच तेच सांगायला नको. "आईंना डॉक्टरांनी दहा मिनिटंच बोलायला सांगितलंय" असं म्हणायचं. डॉक्टरांचं नाव घेतलं की कोणाला राग येत नाही. आणि "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या प्रत्येकाला लगेच काहीतरी सांगायचं. "मंगळवारी किमो आहे, त्या दिवशी मुलाला शाळेतून आणाल?" "शुक्रवारी भाजी निवडून द्याल?" लोकांना मदत करायची असते, फक्त काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते शहाळं आणतात.

पण सगळ्यांना बंदीही नको. एकटेपणानेही थकवा वाढतो. ज्यांच्या येण्याने आकडा खाली येतो असं वहीत दिसतं, त्यांना मुद्दाम बोलवा.

थकवा की नैराश्य

दोन्ही एकमेकांसारखे दिसतात आणि बरेचदा हातात हात घालून येतात. ढोबळ फरक असा: नुसत्या थकव्यात मन म्हणतं ‘करावं’, अंग म्हणतं ‘जमत नाही’. नैराश्यात मनही म्हणत नाही. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास आहे का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही का? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. "एवढा आजार म्हटल्यावर उदास वाटणारच" असं म्हणून सोडून देऊ नका. आजारातल्या नैराश्यावरही उपचार होतो.

‘मी गेले तर सुटतील सगळे’ अशा वाक्यावर रागावू नका आणि विषयही बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. रुग्णाइतकीच ती घरातल्यांसाठीही आहे.

पैसा, प्रवास, बाहेरची माणसं

कर्जाचा घोर असलेल्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून थकवा जात नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मेडिकल सोशल वर्करना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, कुठली कागदपत्रं लागतात, ट्रस्टची मदत मिळते का, हे सगळं त्यांना माहीत असतं. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत आहे. दवाखान्यातून त्याचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सर रुग्णांना प्रवास करता येतो. गर्दीत उभं राहून परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सर रुग्णालय गाठणं आणि बसून गाठणं यात अख्ख्या दिवसाची शक्ती वाचते. दवाखान्याची फाईल जवळ ठेवा आणि कोणी ‘तुम्ही तर धडधाकट दिसता’ म्हटलं तर शांतपणे दाखवा.

परळच्या टाटा मेमोरियलला बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही जुनी ठिकाणं आहेत. तिथे जागा मिळणं हा नशिबाचा भाग, पण मिळाली तर नुसती खोली मिळत नाही. त्याच आजारातून जाणारी दहा घरं मिळतात. कोणती गोळी कशाबरोबर घेतली की मळमळत नाही, हे तिथल्या ओसरीवर कळतं. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि व्ही केअर फाउंडेशन या संस्था रुग्णांना आणि नातेवाइकांना आधार देतात. व्ही केअरच्या स्वयंसेवकांत स्वतः कॅन्सरमधून गेलेली माणसं आहेत. ‘मलाही असंच व्हायचं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकल्यावर जे होतं ते माझ्या दहा वाक्यांनी होत नाही.

आजार पुढे गेलेला असेल तर पॅलिएटिव्ह केअरचं नाव ऐकून दचकू नका. ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते. वेदना, धाप, थकवा, घरच्यांची घालमेल हे सगळं एकत्र बघणारी ती माणसं असतात. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७ पासून ही सेवा मोफत देतं. आजार बरा होण्यासारखा नसताना बोलण्याच्या उपायांनी थकवा कितपत कमी होतो, याचा भक्कम पुरावा अजून फारसा नाही. त्या अवस्थेत आकडा खाली आणण्याचा हट्ट सोडून, उरलेली शक्ती कोणासोबत आणि कशात घालवायची एवढंच त्यांना विचारावं.

सांभाळणाऱ्याचा आकडा

वहीत एक रकाना स्वतःसाठी ठेवा. मी चौथ्या महिन्यात ठेवला आणि माझा आकडा त्यांच्यापेक्षा जास्त निघाला. त्याच दिवशी नणंदेला फोन केला: "वन्सं, दर शनिवार-रविवार तुम्ही यायचं." हे मला आधीच सांगता आलं असतं, मी वाट बघत होते की त्यांना आपणहून सुचेल.

उपचार संपल्यावर

शेवटच्या लाईटच्या दिवशी पेढे वाटले जातात आणि सोमवारपासून घर गृहीत धरतं की आता सगळं पूर्वीसारखं. थकवा मात्र कधी महिने, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त राहतो. हे घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘आता कसला थकवा, आता तर रिपोर्ट चांगले आलेत’ हे वाक्य येणार. नोकरी असेल तर पहिले काही आठवडे अर्धा दिवस किंवा हलकं काम मागा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सहा महिन्यांनंतरही आकडा चारच्या खाली येत नसेल तर पुन्हा रक्त, थायरॉइड, मन, झोप हे सगळं पहिल्यापासून तपासून घ्या, आणि विचारांच्या व वागण्याच्या सवयींवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ शोधा. उपचारांनंतर उरलेल्या थकव्यावर त्या पद्धतीचा चांगला उपयोग झालेला दिसला आहे.

सासूबाईंची वही लाईट संपल्यावर सात महिन्यांनी थांबली. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलंय, ‘आज चार भाकऱ्या. उभ्याने.’ खाली माझ्या अक्षरात: ‘दुसऱ्या दिवशी आकडा ४.’